तीन वाजता उठणारा

रविवार, १३ नोव्हेंबर १९८८
शिरगाव, बदलापूर पूर्व

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. उल्हासनगरच्या ज्या शेठसाठी मी परकर शिवते, त्याने ही डायरी दिवाळीची भेट म्हणून दिली. ८८ सालची डायरी नोव्हेंबरात! दुकानात पडून राहिली असणार. असू दे, मला पुढचेच दिवस लिहायचे आहेत.

सामान सकाळी दहाला टेम्पोतून आलं आणि बारापर्यंत लागलंसुद्धा, कारण सामान आहेच कितीसं. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीला मागचं दार. घरमालक रामभाऊ आणि त्यांची बायको बनूबाई इथले मूळचे आगरी. स्वतःच्या भाताच्या शेतात त्यांनी चार बिऱ्हाडांची बैठी चाळ बांधली आहे आणि उरलेल्या शेतात अजून भात लावतात. बनूबाईंनी आल्या आल्या चहा दिला, तांदळाची भाकरी दिली आणि नाव विचारलं. नाव द्रौपदी, पण नवरा एकच आणि तोही रात्रपाळीला, असं सांगितल्यावर त्यांना हसता हसता ठसका लागला. आमचं जमणार.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, इथे मात्र जयदेव लिहिणार. डायरी माझी आहे. जयदेव अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात आहे. नवा प्लांट सुरू होतोय म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत त्याला सलग रात्रपाळी लागली आहे.

आणि आता खरी बातमी. आजपासून आम्ही तिघं आहोत. तिचं नाव वेणू, वय आठ. जयदेवच्या चुलतबहिणीची मुलगी. ती तीन वर्षांची असताना आईबाप गेले, तेव्हापासून ती उल्हासनगरला सख्ख्या मामाकडे, महिपतीकडे होती. महिपती ऑगस्टमध्ये झोपेतच वारला. त्याची बायको जनाबाई, तिला एकटीला पोरीचं होईना. आम्हाला अकरा वर्षांत मूल नाही. दत्तकपत्र रीतसर झालं. वेणू एक पिशवी घेऊन आली, कुठे ठेवू असं विचारून ती ठेवली आणि मी बस म्हणेपर्यंत बसली नाही. बनूबाई म्हणाल्या, काय वळण लावलंय पोरीला! आज मला इतका आनंद झालाय की चहात दोनदा साखर पडली.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

वेणूचं नाव तिसरीत घातलं. शाळा सकाळची, सात ते बारा.

रात्रपाळीवाल्याच्या घरात दिवस उलटा असतो. जयदेव सकाळी नऊला येतो, खाऊन झोपतो तो तीन-साडेतीनला उठतो. तोवर आख्खं घर चवड्यांवर चालतं. कुकरच्या शिट्ट्या नऊच्या आत उरकायच्या. कडीला चिंधी बांधायची. ताटल्या फडक्यावर ठेवायच्या. शिलाई मशीन घरात चालवायची तर सोयच नाही, म्हणून बनूबाईंनी त्यांच्या पडवीत जागा दिली. दुपारी एक ते चार मी तिथे असेन आणि वेणू घरी बसून अभ्यास करील. इकडच्या कामगारांच्या पोरांना हे बाळकडूच असतं. मीही अशाच घरात वाढले. म्हणून माझ्या आईचं वाक्य वेणूला जसंच्या तसं सांगितलं: आवाज करू नकोस, झोपलेत ते.

वेणूने मान हलवली. मग तिने विचारलं, मोजायचं का? शाळेतलं काही असेल असं मला वाटलं. हो, मोज की, असं म्हणून मी पडवीत गेले.

शनिवार, १९ नोव्हेंबर

आज तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं. पाठीवर डाग आहेत. जुने, पांढरे पडलेले, सात. जनाबाईने नायटा म्हणून सांगितलं होतं. नायटा उलथण्याच्या आकाराचा येतो होय? तळहातांना घट्टे पडलेत, आठ वर्षांच्या पोरीला. मी विचारलं तर ती म्हणाली, माझी चूक होती. कसली चूक, तर म्हणे वाजलं होतं.

हातातला तांब्या मी भिंतीवर आपटला. ती अंग चोरून कोपऱ्यात गेली. मग स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी जयदेवला सांगितलं. तो म्हणाला, महिपतीदादा कडक होता, पण असं काही करणाऱ्यातला नव्हता. दादानेच त्याला कारखान्यात चिकटवलं, शेजारीपाजारी दादाला नावाजतात, आणि मेलेल्या माणसाबद्दल आता काय बोलायचं. मेला की माणूस एकदम संत होतो! मी म्हटलं, मेला ते बरं झालं, नाही तर मी जाऊन मारला असता. लग्नानंतर पहिल्यांदाच जयदेव न जेवता पाळीला गेला.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

आजच लिहायला हवं.

गेला आठवडाभर बघत होते, रात्री जेवताना वेणूचे हात कापायचे. घास तोंडापर्यंत नेताना सांडायचा. अशक्तपणा असेल म्हणून मी दूध वाढवलं. बनूबाई रोज म्हणतात, 'पोर लय गुनाची हाय गो बाय. घरान हाय का नाय तेच कलत नाय.' आणि मी फुशारून जायची.

आज दोऱ्याचं रीळ संपलं म्हणून तीनच्या सुमाराला घरी आले. अनवाणी, सवयीने पाऊल न वाजवता. जयदेव खाटेवर पाठीवर झोपलेला, डोळे मिटलेले. वेणू उशाशी उभी, हात अंगालगत. घड्याळात तीन झाले. जयदेवचं तोंड उघडलं.

आज काय वाजलं?

तो जयदेवचा आवाज नव्हता. जयदेव तोंडातल्या तोंडात बोलतो. हा आवाज थंड होता, एकेक शब्द सुटा काढणारा. वेणूने सांगितलं. दप्तराचं बक्कल. पेला. मोरीचं दार. एक शिंक. आवाज म्हणाला, चार. वेणू गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मोरीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ओठ हलत होते. एका आवाजाचे शंभर, चाराचे चारशे.

मी वरवंटा हिसकावून घेतला. ती रडली नाही. चारशे पुरे होऊ दे, नाही तर उद्याचे वाढतील, म्हणून माझ्या विनवण्या करू लागली. माझ्या घरात. दहा दिवस. आणि आवाज नको म्हणून मी पलीकडे परकर शिवत बसले होते.

रविवार, २७ नोव्हेंबर

जयदेवला काहीच आठवत नाही. तो म्हणतो, वेणूच्या मनाचे खेळ असतील आणि तुझ्या कानांचे. वेणू समोर बसून ऐकत होती. तिने लगेच मान्य केलं, हो, माझ्याच मनाचे खेळ. त्या मुकाट्याने मान डोलावण्यावर माझं डोकं फिरलं. खरं बोलायला कुणी शिकवलंच नाही का तुला, असं मी ओरडले. ओरडायचं होतं जयदेववर, ओरडले तिच्यावर.

आज तीनला मीच उशाशी बसले आणि वेणूला मागे उभं केलं. प्रश्न आला. काही वाजलं नाही, चालता हो, असं मी म्हणाले. मग त्याच तोंडातून आलं, तुला नाही विचारलं.

बुधवार, ३० नोव्हेंबर

उल्हासनगरला जाऊन जनाबाईला गाठलं. आधी ती चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, चहा ठेवू नको, पोरीच्या पाठीवर काय आहे ते सांग. मग बसली.

महिपतीही कायम रात्रपाळीला. दुपारी तीनला डोळे उघडायच्या आधीच तो विचारायचा, आज काय वाजलं. वेणूने उशाशी उभं राहून सगळं सांगायचं. त्याने झोपेत न ऐकलेलंसुद्धा ती सांगायची, कारण लपवलं तर त्याला कळतं असं तिला वाटायचं. थोडं असेल तर वरवंटा, जास्त असेल तर उलथणं. चाळीत भिंतीला भिंत लागून आहे. सगळे ऐकत होते, आणि पोरांना अशीच शिस्त हवी म्हणत होते. ऑगस्टमधल्या त्या दिवशी तो तीनला उठला नाही. जनाबाई सातला कामावरून आली तेव्हा वेणू उशाशी उभीच होती. चार तास, मेलेल्या माणसाच्या उशाशी. ती म्हणाली, मामा उठले नाहीत, माझं सांगायचं राहिलंय.

आजवर ती सांगायची थांबलीच नाही. आणि तो ऐकायचा थांबला नाही.

तू काय करत होतीस, असं मी जनाबाईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, वेणू यायच्या आधी उशाशी मी उभी राहायची. पोर आली आणि मी सुटले.

माझा हात वर गेला. मी आजवर कुणावर हात उचललेला नाही. जनाबाईने तोंड फिरवलंही नाही, तशीच बसून राहिली. तो हात मी कसाबसा खाली आणला.

शनिवार, ३ डिसेंबर

जयदेवला मी ते तीन शब्द सांगितले, जसेच्या तसे, त्या थंड चालीत. तो पांढराफटक पडला. लहानपणी सुट्टीत तो महिपतीच्या घरी राहायला जायचा. महिपतीचा बापही रात्रपाळीचाच. दुपारी बापाच्या उशाशी महिपती उभा असायचा, आठ-नऊ वर्षांचा, आणि हाच प्रश्न त्याला असायचा. हे सगळं मी विसरलो होतो, असं म्हणत जयदेव रडला. विसरला नव्हता. नाव काढायचं नव्हतं त्याला.

तरी मला महिपतीची कीव येणार नाही. ज्याला ठाऊक होतं की वरवंटा किती जड असतो, त्यानेच तो पोरीच्या हातात दिला.

जयदेव आता अंबरनाथला कारखान्यातल्या चंदूच्या खोलीवर झोपणार. माझ्या तोंडातून तिला पुन्हा काही ऐकू यायला नको, म्हणाला. भला माणूस आहे. ह्या सगळ्या दिवसांत त्याचा आवाज फिरला, हात एकदाही उठला नाही.

मंगळवार, ६ डिसेंबर

विहारातल्या बायका दादरला गेल्या. मी वेणूसाठी राहिले. घरातच मेणबत्ती लावली.

बनूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चामटोलीच्या भगताचं नाव सुचवलं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद आहे, म्हटलं. आणि भगत काय काढणार? पाच वर्षं आख्ख्या चाळीने मिळून ज्याला पोसला, तो लिंबू फिरवल्यावर जाईल होय?

तीन वाजले. खाट रिकामी. वेणू तरीही उशाशी जाऊन उभी राहिली. काही झालं नाही.

शनिवार, १० डिसेंबर

चार दिवस शांत.

आज मी नवीनच काढलं. दुपारी दोन ताटल्या घेतल्या, एक तिला दिली आणि म्हटलं, वाजव. ती घाबरली. मी वाजवली. मग तिने एकदा वाजवली, हळू. मग जोरात. मग आम्ही दोघींनी इतक्या बडवल्या की रामभाऊ शेतातून बघायला आले. वेणू हसली. आवाज काढून हसली. पुढचा एक दात पडलेला आहे हे मला आज दिसलं. कडीवरची चिंधी तिनेच सोडली.

ही पोर मी कुणालाही देणार नाही, जिवंताला नाही, मेलेल्यालाही नाही.

बुधवार, १४ डिसेंबर

मला ताप होता. वेणू शाळेतून आल्यावर दुपारी मी आडवी झाले. खाटेवर.

जागी झाले तेव्हा सव्वातीन झाले होते. मी उभी होते. झोपलेली नाही, उभी. वेणू समोर. तिच्या गालावर पाच बोटं उठलेली. माझा तळहात झणझणत होता.

मी विचारलं, कोणी? ती म्हणाली, माझी चूक होती.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज झोपले नाही. खुर्चीत बसले, डोळ्यांना पाणी लावून. तरी तीनला उजवा हात खांद्यापासून थंड झाला आणि परका वाटायला लागला. वेणू आली, सांगायला लागली. हात उठला. डाव्या हाताने मनगट धरलं आणि खाटेच्या पट्टीवर आपटलं, दोनदा. मग सोडलं त्याने.

आता त्याला झोपलेलं माणूस लागत नाही. कुणी जागं असलं तरी चालतं.

शनिवार, १७ डिसेंबर

कळलं मला. जयदेव त्याच्या कामाचा नव्हता. जयदेवच्या अंगात राग नाही, म्हणून तिथे नुसता आवाज निघाला. माझ्या अंगात महिनाभराचा साठा आहे. महिपतीवरचा, जनाबाईवरचा, चाळीवरचा, स्वतःवरचा. मला वाटत होतं हा राग वेणूच्या बाजूचा आहे. त्याला बाजूशी देणंघेणं नाही. त्याला नुसता राग हवा होता, तो मी घरात भरून ठेवला —

वेणू माझ्याजवळ येऊन झोपते. ज्या हाताने मारलं तोच हात धरून. हे बघवत नाही.

सोमवार, १९ डिसेंबर

एक उपाय सापडला. काल मशीन घरात आणली. तीनला उजवा हात चाकावर, कापड सुईखाली, पाय चालू. साडेतीनपर्यंत. हात गुंतलेला असला की त्याला शिरता येत नाही. आजही तेच. हात माझाच राहिला.

पण वेणू घरात नकोच. तीनच्या आधी पडवीत पाठवली, बनूबाईंच्या हवाली. तीनला परत आली. रडत होती, पण आली. कुणी बोलावलं, तर म्हणाली, उठायची वेळ झाली.

मंगळवार, २० डिसेंबर

पाळीच्या कामगारांना नेणाऱ्या रिक्षावाल्याबरोबर जयदेवला चिठ्ठी पाठवली. गुरुवारी सकाळी ये आणि वेणूला माझ्यापासून घेऊन जा. कुठेही ने. तू आणि ती. माझ्याकडे ठेवू नको.

लिहिताना वाटलं, छातीतून काही ओढून काढतेय. अकरा वर्षं वाट बघितली. अडतीस दिवस मिळाले.

महिपती, तुझं वाटोळं — नाही. नाही. रागवायचं नाही. तेच त्याला —

बुधवार, २१ डिसेंबर

दुपारी अडीच. मशीनचा पट्टा तुटला. ह्या घडीला. दुसरा नाही.

बनूबाई, रामभाऊ भाताच्या झोडणीला खळ्यावर. चाळीत कुणी नाही. वेणूला शाळेतून थेट खळ्यावर जायला सांगितलंय. पुढच्या दाराला आतून कडी लावली. मोरीचं दार —

हात गुंतलेला हवा. म्हणून डायरी. लिहीत राहायचं. काहीही. परकर बारा, नाड्या बारा, परकर बारा.

पावणेतीन. हात गार पडतोय.

मोरीतून पाऊल. वेणू आली. मागून. मी म्हटलं, जा. ती उभी. मी म्हटलं, जा, तुझी आई सांगते. ती म्हणते, सांगितल्याशिवाय कसं जाऊ.

तीन.

सांगतेय. दाराची कडी. पायातली चप्पल. खोकला, दोनदा. ऐकू नको, द्रौपदी. परकर बारा. नाड्या —

गुणी पोर आहे, वळण मोडू देऊ नये — हे मी नाही लिहिलं. हे अक्षर माझं नाही.

डाव्या हाताने खाटेचा पाय धरलाय. पेन सोडायचं नाही. हा हात लिहितोय तोवर मारणार नाही. वेणू, बघ, मी लिहितेय. तुझी काही चूक नाही. कधीच नव्हती. एकही नाही. ऐकतेस का — मागचं दार उघडं आहे. खळ्यावर पळ. ओरडत जा. लोकांना ऐकू जाऊ दे —

ती हलत नाही.

मोजतेय. ओठ हलतायत. चारशे होईपर्यंत हलणार नाही —

पळ ग माझे बाई. पेन निसटतंय. मी धरलंय. पळ, मी अजून लिहि